पूर्णा जंक्शनवरून गेलेलीं युद्धें

पूर्णा नांवाची एक नदी वऱ्हाडांत आहे. ती तापीला मिळते. मराठवाड्यांतील पूर्णा ही निराळी. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून ती परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या स्वाधीन होते. या दुसऱ्या पूर्णेच्या कांठीं, संगमापासून थोड्याच अंतरावर, तिच्याच नांवाचें एक गांव आहे. शाळेच्या इतिहासांत ज्या लढाया पाठ कराव्या लागतात त्यांपैकीं एकहि या गांवीं झालेली नाहीं. गांवाची ख्याति आहे ती एवढ्याचसाठीं, कीं तेथें दोन लोहमार्ग एकमेकांस भेटतात. रात्रींच्या गाडीनें जाणाऱ्या प्रवाशाला पूर्णा ठाऊक असते ती चहावाल्याच्या आरोळीनें आणि गाडी बदलण्याच्या धांवपळीनें.

परंतु युद्धाचा इतिहास केवळ रणांगणावर लिहिला जात नाहीं. तोफ जेथें उडते तेथें युद्धाची किंमत दिसते हें खरें. पण ती फेडली जाते दूरदूरच्या घरांतून. ज्या गांवीं शत्रूचा एकहि शिपाई कधीं आला नाहीं त्या गांवींहि युद्ध येतें. तें कधीं कापसाच्या भावांतून येतें, कधीं तापाच्या रूपानें येतें, कधीं रिकाम्या कणगीच्या रूपानें येतें, तर कधीं शेजाऱ्याच्या बदललेल्या नजरेंतून येतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत पूर्णेच्या परिसरावरून अशीं तीन युद्धें गेलीं. दोन जगाचीं होतीं. तिसरें घरचें होतें, आणि त्याचाहि कागद शेवटीं जगाच्या दरबारांत जाऊन पोंचला होता.

या कथेचा आरंभ आगगाडीपासूनच केला पाहिजे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड या वाटेनें सिकंदराबादेस जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो काळ छपन्नच्या दुष्काळाचा. दाणा आंत यावा आणि कापूस बाहेर जावा, हे दोन्ही हेतु त्या रुळांच्या पोटीं होते. पुढें १९१२ सालीं पूर्णेहून हिंगोलीस फांटा निघाला आणि पूर्णा हें जंक्शन झालें. हिंगोली ही एके काळीं हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होती. निझामाच्या खर्चानें पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींतील अशी ती फौज. १९०३ सालीं ती छावणी उठली आणि कंटिंजंटच्या पलटणी हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यांत नवे क्रमांक घेऊन सामील झाल्या. म्हणजे छावणी उठल्यानंतर नऊ वर्षांनीं हिंगोलीस गाडी पोंचली, आणि गाडी पोंचल्यानंतर दोनच वर्षांनीं महायुद्ध सुरू झालें.

त्या जुन्या पलटणींच्या वांट्यास पुढें जें आलें तें ऐकण्यासारखें आहे. ९८ वी पलटण १९१४ च्या नोव्हेंबरांत पूर्व आफ्रिकेंतील टांगा बंदरावर उतरविली गेली. तेथें जर्मनांच्या गोळ्यांबरोबरच खवळलेल्या मधमाश्यांनीं तिला हैराण केलें आणि सारी मोहीमच फसली. डेक्कन हॉर्स हें रिसालेदळ फ्रान्सला गेलें. खंदक, चिखल आणि काटेरी तारा यांच्या त्या युद्धांत घोड्यांना काम असें उरलेंच नव्हतें. तरीहि १९१६ च्या जुलैमध्यें सोमच्या लढाईंत हाय वुड नांवाच्या रानालगत या स्वारांनीं भाले रोंखून चाल केली. सर्बियाच्या आणि ऑस्ट्रियाच्या भांडणाशीं दख्खनच्या स्वाराचा संबंध काय, असा प्रश्न त्या वेळीं कोणीं विचारला नाहीं. विचारणाऱ्यास उत्तर देण्याचें बंधन कोणावर नव्हतें.

हैदराबादच्या गादीवर तेव्हां सातवे निझाम मीर उस्मान अली खान होते. १९११ सालीं ते सत्तेवर आले. तुर्कस्तानचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा, आणि तोच १९१४ च्या अखेरीस इंग्रजांविरुद्ध युद्धांत उतरला. निझामांनीं आपल्या धर्मबांधवांस इंग्रजांशीं एकनिष्ठ राहण्याचें आवाहन केलें आणि राज्याचा खजिना युद्धासाठीं मोकळा केला. इंग्रजांच्या ११० व्या विमानदळास हैदराबादचें नांव मिळालें तें या देणगीमुळें. युद्ध संपतां संपतां निझामांस नवे किताब मिळाले आणि ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त ही पदवीहि लाभली. किताबाचें मोल निझामांनीं मोजलें. परंतु मोजलेला पैसा होता तो परभणी-नांदेडच्या काळ्या जमिनींतून सारा भरणाऱ्या कुणब्याचा.

त्या कुणब्याकडे युद्ध प्रथम आलें तें कापसाच्या वाटेनें. हिंदुस्थानच्या आंखूड धाग्याच्या कापसाचें जर्मनी हें मोठें गिऱ्हाईक होतें. १९१४ च्या ऑगस्टांत समुद्र बंद झाला आणि त्या हंगामांत भाव कोसळले. पुढें दोन-तीन वर्षांत भाव चढले खरे, पण तोंपर्यंत कापड, मीठ व रॉकेल यांचे भाव त्यांच्याहि पुढें धांवले होते. जो आपल्या शेतांत कापूस पिकवीत होता त्याच्याच घरांत लुगडें घेणें जड झालें. शेतकऱ्याचा माल स्वस्त असतां विकला जावा आणि त्याच मालाचें कापड महाग असतां त्याला विकत घ्यावें लागावें, हा युद्धाचा पहिला कर. तो कोणत्याहि अंदाजपत्रकांत लिहिलेला नव्हता.

दुसरा कर रक्ताचा होता. तो मुख्यत्वें पश्चिम महाराष्ट्रानें भरला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील तरुण मराठा पलटणींतून इराकमध्यें, तेव्हांच्या मेसोपोटेमियांत गेले. तेथें लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचें नांवच पुणें डिव्हिजन असें होतें. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालीं ती बगदादच्या रोखानें पुढें गेली, टेसिफोन येथें अडली, आणि मागें हटतां हटतां तैग्रिस नदीच्या एका वळणांत वसलेल्या कूत गांवीं १९१५ च्या डिसेंबरांत वेढली गेली. १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी त्या वेढ्यांत होत्या. वेढा सुमारें पांच महिने चालला. धान्य संपत आलें तेव्हां घोडे मारून त्यांचें मांस शिधा म्हणून दिलें जाऊं लागलें. अनेक हिंदी शिपायांनीं धर्मभावनेमुळें तें नाकारलें; मग हिंदुस्थानांतील धर्मगुरूंच्या संमतीचे निरोप तेथें पोंचविण्यांत आले. तोंवर हिरड्या सुजून दांत हलूं लागलेले शिपाई भिंतीला टेकून पहारा करीत होते. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचे सुमारें २३ हजार लोक मृत वा जखमी झाले, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३ हजार सैन्य शरण गेलें.

शरणागतीनें त्यांचें युद्ध संपलें नाहीं. कैद्यांना वाळवंटांतून मोसुलच्या पलीकडे चालविण्यांत आलें. वाटेंत जे पडले ते वाटेंतच राहिले. जे उरले त्यांतील कित्येकांना बगदादकडे येणाऱ्या लोहमार्गाच्या कामाला लावलें गेलें. ज्यांनीं आपल्या गांवाकडे आगगाडी येतांना लहानपणीं पाहिली असेल अशा माणसांनीं परमुलुखांत, कैदी म्हणून, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठीं रूळ टाकावेत, असा दैवाचा हा फेरा होता.

सातारा जिल्ह्यांत आपशिंगें नांवाचें गांव आहे. त्याला लोक मिलिटरी आपशिंगें म्हणतात. त्या एका गांवचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत मृत्यु पावले, आणि त्यांची स्मृति सांगणारी शिळा गांवांत उभी आहे. बसऱ्याजवळ इंग्रजांनींहि एक प्रचंड स्मारक उभारलें. मेसोपोटेमियांत पडलेल्या आणि ज्यांची समाधि सांपडली नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचें तें स्मारक. त्यांत गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायांपुढें पलटणीचें नांव आणि आकडा एवढेंच कोरलें गेलें. मृतांची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुलाच्या समाधि-आयोगानें स्मरणांतील हा पंक्तिप्रपंच २०२१ सालीं जाहीरपणें मान्य केला व क्षमा मागितली. घरांत जो बाप होता, भाऊ होता, नवरा होता, तो दगडावर आकडा झाला. आणि आकड्याचें पुन्हां नांव होण्यास शंभर वर्षें वाट पाहावी लागली.

आतां तिसरा कर. हा कर मात्र मराठवाड्यानें, वऱ्हाडानें, साऱ्या हिंदुस्थानानें भरला. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबई बंदराच्या गोदीजवळ पहारा करणारे कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी पडले. थोड्याच दिवसांत गिरण्या, कचेऱ्या, चाळी तापानें भरून गेल्या. युद्धावरून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींबरोबर आलेली ती इन्फ्लुएंझाची सांथ होती. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली ती काळरूप होऊन. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबईहून आगगाड्या सुटत होत्या, डब्यांत माणसें दाटीनें बसत होतीं, आणि ज्या ज्या स्टेशनावर गाडी थांबे त्या त्या स्टेशनावर ताप उतरत होता. या तापाला सनद लागत नव्हती, तिकीट लागत नव्हतें. जंक्शन जेवढें मोठें, तेवढा त्याचा प्रसार सोपा.

युद्धानें हा रोग निर्माण केला असें म्हणतां येणार नाहीं. पण त्याला वाहन दिलें तें युद्धानें. आणि निसर्गानेंहि त्याच वर्षीं हात आखडला. १९१८ चा पाऊस गेल्या शतकांतील अत्यंत अपुऱ्या पावसांपैकीं एक होता. महागाई पूर्वींचीच होती. तिच्यावर दुष्काळ आला, आणि दुष्काळानें खंगलेल्या देहांवर ताप आला. नवल असें कीं हा ताप म्हाताऱ्यांना व लेंकरांना नेतो तसा वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांनाहि नेई, आणि हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक दगावल्या. आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचें काम त्यांचें होतें, आणि घरांतील शेवटची भाकरीहि त्यांच्याच वांट्याला येत होती.

या सांथीत हिंदुस्थानांत किती माणसें गेलीं? सरकारी डॉक्टरांनीं आरंभीं साठ लाखांचा अंदाज केला. पुढें खानेसुमारी तपासणाऱ्या अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत गेले. महायुद्धाच्या सर्व आघाड्यांवर मिळून हिंदी सैन्याचे सुमारें ७४ हजार लोक कामास आले होते. म्हणजे गोळीनें जो एक गेला त्याच्यामागें तापानें दीडशेंहून अधिक गेले. निझामाच्या राज्यापुरतें बोलावयाचें तर १९११ च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या १,३३,७४,६७६ होती. १९२१ सालीं ती १,२४,७१,७७० भरली. दहा वर्षांत जन्मलेलीं सारीं मुलें जमेस धरूनहि नऊ लाख माणसें कमी. प्लेग, पटकी व दुष्काळ यांचाहि त्यांत वांटा होता. परंतु मोठा घाव १९१८ चाच. सनदी किताब मिळाला त्याच वर्षीं प्रजेंतील लाखों घरांत दिवा लावावयास माणूस उरलें नव्हतें. या नऊ लाखांची शिळा मात्र कोठेंहि नाहीं.

वीस वर्षांनीं दुसरें महायुद्ध आलें. निझामाचा लोहमार्ग १९३० सालीं राज्यानें विकत घेतला होता, त्यामुळें युद्धाची ओढ आतां थेट राज्याच्या गाड्यांना लागली. मध्यपूर्वेंतील फौजांसाठीं हिंदुस्थानांतून मीटरमापी इंजिनें, डबे, इतकेंच काय पण उखडलेले रूळहि बोटींतून रवाना होत होते. १९४२ च्या मार्चांत रंगून पडलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं बंगालमध्यें सुमारें तीस लाख माणसें उपासमारीनें व तिच्या पाठोपाठच्या रोगांनीं मेलीं. तेथेंहि शत्रूनें पाऊल ठेवलेलें नव्हतें. हैदराबाद राज्यांत सरकारनें सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, सुरू केली. पिकाचा ठराविक वांटा ठराविक भावानें सरकारी कोठारांत घालावयाचा, असा नियम होता. नियम कागदावर न्याय्य होता. पण कागद वाचणारा गांवचा वतनदार असे, आणि मोठ्या जमीनदाराच्या कोठारापुढें मापाचा हात सैल पडे, लहान कुळाच्या कणगीपुढें तो घट्ट होई. या लेव्हीचा राग तेलंगणांत शेतकऱ्यांच्या उठावापर्यंत गेला. मराठवाड्यांत तो मुकाट्यानें सांचत राहिला.

याच युद्धांत दूर इटलींत १० जुलै १९४४ रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील यशवंत घाडगे हा मराठा पलटणीचा नाईक, आपल्या तुकडींतील सारे सोबती पडल्यावर एकटा शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला, ती त्यानें बंद पाडली आणि तेथेंच ठार झाला. त्याचें वय २२ वर्षांचें होतें. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु कोंकणांतील एका शेतकऱ्याच्या मुलाला तायबर नदीच्या खोऱ्यांत मरण यावें हें कोणाच्या राजकारणाचें फळ होतें, हा प्रश्न क्रॉसच्या ब्राँझखालीं झांकला जात नाहीं. दोन्ही महायुद्धें मिळून दीड लाखांहून अधिक हिंदी सैनिक मेले, आणि दोन्ही वेळां युद्ध पुकारण्यापूर्वीं त्यांच्या देशाला विचारलें गेलें नव्हतें.

तिसरें युद्ध घरचें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, परंतु औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद या पांच मराठी जिल्ह्यांवर तो दिवस उगवला नाहीं. निझामांनीं स्वतंत्र राहण्याचा मनसुबा केला. त्याच दिवशीं स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारत सरकार व निझाम यांच्यांत जैसे थे करार झाला. पण गांवांत जैसे थे असें कांहींच उरलें नाहीं. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेनें राज्यांत दहशत बसविली. लूट, जाळपोळ, खून यांना भिऊन सीमेलगतच्या गांवांतील हजारों कुटुंबें वऱ्हाडांत, सोलापूर-नगरकडे, मिळेल तेथें निघून गेलीं. बैलगाडींत दाणे, भांडीं आणि म्हाताऱ्या आई-बापांना घालून, वाड्याला कुलूप लावून किंवा तेंहि न लावतां, माणसें चालूं लागलीं. यवतमाळ जिल्ह्यांतील उमरखेडसारख्या ठिकाणीं स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांतील तरुणांनीं ३० जानेवारी १९४८ रोजीं पूर्णेच्या खालीं त्याच लोहमार्गावर असलेल्या उमरी गांवची सरकारी बँक लढ्यासाठीं हस्तगत केली. त्याच संध्याकाळीं दिल्लींत गांधीजींचा वध झाला.

या घरच्या भांडणालाहि जगाच्या राजकारणाचे धागे चिकटले होते. सिडने कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळीं विमानें भरभरून निझामाला शस्त्रें पोंचवीत होता. ऑगस्टांत निझाम सरकारनें आपलें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें मांडलें. त्याच ऑगस्टांत हैदराबाद शहरांत शोएबुल्लाखान या तरुण संपादकाचा रझाकारांनीं हात तोडून खून केला. त्याचा अपराध एवढाच कीं राज्यानें भारतांत सामील व्हावें असें त्यानें आपल्या उर्दू पत्रांत लिहिलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहांटे भारतीय सैन्य चोहोंकडून राज्यांत शिरलें. १६ तारखेस पॅरिसमध्यें सुरक्षा समितीची बैठक भरली तेव्हां औरंगाबाद व जालना पडलीं होतीं. १७ तारखेस संध्याकाळीं निझामानें शस्त्रें खालीं ठेवण्याचा हुकूम दिला. १८ तारखेस सेनापति एल एद्रूस यांनीं जनरल चौधरी यांच्यापुढें शरणागति पत्करली. २२ तारखेस निझामानें तक्रार परत घेतल्याची तार केली. मराठवाड्याची सुटका झाली. आजहि १७ सप्टेंबर हा दिवस तेथें ध्वज उभारून पाळला जातो, आणि तो पाळण्यास पूर्ण कारण आहे.

परंतु इतिहासाचें काम केवळ ध्वज मोजण्याचें नसतें. लढाई पांच दिवसांत संपली, आणि भारतीय सैन्याचे मृत शंभराच्या आंत होते. तिच्यानंतर जें झालें त्याची मोजदाद मात्र बराच काळ कोणीं उघडपणें केली नाहीं. वर्षभर सोसलेल्या जुलमाचा सूड जुलूम करणाऱ्यावर न पडतां, त्याच धर्माच्या निरपराध शेजाऱ्यावर पडला. राज्याच्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, पुरुष मारले गेले, स्त्रियांची विटंबना झाली, घरें व दुकानें लुटलीं गेलीं. पंतप्रधान नेहरू यांनीं चौकशीसाठीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार आदींचें एक मंडळ पाठविलें. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळांत तें मंडळ राज्याच्या सोळांपैकीं नऊ जिल्ह्यांत फिरलें. त्याचा अंदाज असा कीं किमान २७ ते ४० हजार माणसें प्राणास मुकलीं, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व पूर्णेच्या शेजारचा नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. हा आंकडा सरकारला मान्य झाला नाहीं व अहवाल प्रसिद्ध झाला नाहीं. २०१३ च्या सुमारास तो दिल्लींत अभ्यासकांना वाचावयास मिळूं लागला.

त्या अहवालांत एक गोष्ट आहे ती सांगितल्यावांचून हा हिशोब पुरा होणार नाहीं. अनेक ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, त्यांच्या बायकामुलांना आसरा दिला, आणि कोठें कोठें त्यासाठीं स्वतःचे प्राण धोक्यांत घातले. एकाच धंद्यांतील लोकांत हा जिव्हाळा विशेष दिसला. हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांचें रक्षण केलें. ज्यांचे माग एकमेकांशेजारीं चालत होते, ज्यांनीं सुताची टंचाई आणि सावकाराचा तगादा एकत्र सोसला होता, त्यांना पॅरिस, कराची, दिल्ली आणि हैदराबाद यांनीं शिकविलेला भेद एका दिवसांत शिकतां आला नाहीं. जेथें नित्याच्या कामाची सोबत होती तेथें माणुसकी टिकली. शोएबुल्लाखानाचें मरण आणि त्या विणकरांचें धैर्य हीं एकाच पोथीचीं दोन पानें आहेत.

तिन्ही युद्धांचा ताळा मांडला तर एकच गोष्ट पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येते. युद्ध ठरविणारे थोडे असतात आणि ते दूर असतात. फेडणारे पुष्कळ असतात आणि ते जवळ असतात. फेडणाऱ्यांतहि ज्यांची नोंद होते ते भाग्यवान. बसऱ्याच्या दगडावर शिपायाचा निदान आकडा तरी कोरला गेला. १९१८ च्या तापानें गेलेल्यांना खानेसुमारींतील एक वजाबाकी मिळाली. वऱ्हाडच्या वाटेवर बैलगाडींत ज्या म्हाताऱ्यानें डोळे मिटले त्याला तीहि मिळाली नाहीं. आणि १९४८ च्या सप्टेंबरानंतर जे गेले त्यांचा कागद साठ वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवला गेला. जेता आपले मृत मोजतो, पराभूत आपले मोजतो. पण ज्याला दोघांनींहि आपलें म्हटलें नाहीं त्या मृताला मोजणार कोण? रझाकारांच्या हातून जे मेले त्यांचें दुःख मोठें म्हणून सुडांत मेलेल्यांचें दुःख लहान ठरत नाहीं. आणि सुडाची गोष्ट सांगितली म्हणून मुक्तीचें मोल कमी होत नाहीं. हीं दोन्ही सत्यें एकाच वेळीं उराशीं बाळगणें कठीण आहे खरें. परंतु त्यांपैकीं एक टाकलें म्हणजे उरलेलेंहि अर्धेंच खरें राहतें.

१९५६ सालीं हैदराबाद राज्य विसर्जित झालें, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा भाग झाला. निझामाचा अरुंद मार्ग जाऊन रुंद रूळ आले. वाफेचीं इंजिनें गेलीं. हिंगोलीचा फांटा आतां अकोल्याच्या पुढें जातो आणि पूर्णेस गाडी बदलणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या गांवाहून आला, हें कोणी विचारीत नाहीं. बांकावर एखादी आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असते. तिच्या घरच्या कोणत्या तरी पिढींत कोणी तापानें गेलेलें असतें, कोणी सीमा ओलांडून गेलेलें असतें, कोणी परत आलेलें नसतें. तिला त्याचें साल ठाऊक नसतें. नांव मात्र ठाऊक असतें. देशोदेशींच्या कचेऱ्यांत जे आकडे जपून ठेवले जातात त्यांच्या शेजारीं अशीं नांवें लिहून ठेवण्याचें काम अजून राहिलेलें आहे. गाडी येण्याआधीं तिला तें नांव विचारावें, आणि उतरवून घ्यावें.